ग्रानाडात सेमिस्टर करायला चाललाय? संध्याकाळपासून पहाटेपर्यंतचं सगळं सांगते

इंदूरच्या आपल्या मराठी घरांतून कुणी स्पेनला एक्सचेंजवर चाललं की कुणाच्या तरी मावशीकडून, कुणाच्या तरी काकूंकडून माझा नंबर तिथपर्यंत पोचतो आणि प्रश्न सुरू होतात, कुकर न्यायचा का, तूरडाळ मिळते का, थंडी किती असते. ते मी सांगतेच. पण खरा प्रश्न शेवटी हळूच येतो, आईबाबा खोलीत नसताना, की ताई, तिकडे संध्याकाळी करतात काय, नाईटलाईफ कसं आहे, आणि आपण पीत नाही, नॉनव्हेज खात नाही, मग आपण काय नुसतं रूमवर बसून राहायचं का. तर नाही, अजिबात बसायचं नाही, आणि त्यासाठीच हे सगळं एकदा सविस्तर लिहून काढतेय. मी ग्रानाडात होते म्हणून ग्रानाडाबद्दलच लिहिते, माद्रिद-बार्सिलोनाचं गणित वेगळं आहे.

गाव तसं छोटं, जेमतेम सव्वादोन-अडीच लाख वस्तीचं, आणि त्यात पन्नास हजारांवर विद्यार्थी. युनिव्हर्सिटी १५३१ सालची, आणि युरोपभरातून एक्सचेंजची मुलं सगळ्यात जास्त जिथे येतात अशा युनिव्हर्सिट्यांमध्ये तिचं नाव नेहमी वर असतं. त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तुम्ही पोचाल तेव्हा तुमच्यासारखीच कुणालाही न ओळखणारी शेकडो मुलं रस्त्यावर असतात, मैत्री करायला इतका सोपा काळ पुन्हा येत नाही, तो पहिला महिना जेट लॅग, होमसिक वगैरे म्हणून फुकट घालवू नका.

आणि एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करून घ्या, ग्रानाडाची रात्र म्हणजे डिस्को नाही. डिस्को आहेत, त्यांचंही पुढे सांगते, पण या गावाची खरी मजा रात्री साडेआठपासून बारा-साडेबारापर्यंत पायी फिरण्यात आहे, एका बारमधून दुसऱ्यात, उभ्याउभ्या खात, गप्पा मारत. ज्यांना हे कळतं त्यांचं सेमिस्टर भारी जातं, पैसेही कमी लागतात आणि स्पॅनिशही येतं. ज्यांना कळत नाही ते रूमवर मॅगी खाऊन रात्री एकला थेट डिस्कोत जातात, तिथे आवाजात काही बोलता येत नाही, आणि चार महिन्यांनी म्हणतात की स्पॅनिश लोक मिसळत नाहीत.

पहिलं काम घड्याळ बदलायचं. तिकडे दुपारचं जेवण दोन ते साडेतीन, मग पाचपर्यंत छोटी दुकानं बंद, रस्ते ओस, नवीन माणसाला वाटतं आज काय बंद आहे की काय. पाच-सहाला कॉफी आणि काहीतरी गोडधोड, आणि रात्रीचं जेवण नऊ-साडेनऊच्या आधी नाहीच, वीकेंडला दहा. डिस्कोत दीडच्या आधी गेलात तर आत फक्त बारमन आणि तुम्ही. आपल्याकडे साडेसात-आठला पानं घेतली जातात, ती सवय तिथे घेऊन गेलात तर तुमची भूक आणि गावाची भूक कधी जुळणारच नाही, सात वाजता रूमवर पोटभर वरणभात खाल्ला की नऊला बाहेर पडायची इच्छाच मरते. म्हणून सांगते, दुपारी नीट जेवा, चक्क अर्धा-पाऊण तास झोपा, सहाला काहीतरी थोडं खा, आणि रात्रीचा स्वयंपाक आठवड्यातून दोन-तीन दिवस बंदच ठेवा. आणि विद्यार्थ्यांची मोठी रात्र म्हणजे गुरुवार, शनिवार नाही, कारण आजूबाजूच्या गावांतली बरीच मुलं शुक्रवारी दुपारी बॅग भरून घरी जातात. टाइमटेबल निवडायला मिळत असेल तर शुक्रवारी सकाळी साडेआठचं लेक्चर घेऊ नका.

आता तापास, म्हणजे ड्रिंकबरोबर खायच्या छोट्या प्लेटा, एकीला तापा म्हणतात. स्पेनमध्ये बहुतेक ठिकाणी तापासचे पैसे द्यावे लागतात, सेव्हिलमध्ये द्यावे लागतात, बार्सिलोनात तर भरपूर द्यावे लागतात. ग्रानाडात मात्र तुम्ही ड्रिंक मागितलं की सोबत खायची छोटी प्लेट आपोआप येते आणि तिचे वेगळे पैसे नसतात, शेजारच्या हाएन आणि आल्मेरियातही ही पद्धत आहे पण ग्रानाडाचा थाट वेगळाच. साधारण अडीच-तीन युरोत एक ड्रिंक आणि एक तापा, तीन बार केले की दहा युरोच्या आत पोट भरतं. आपण सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, जसं एकाच ठेल्यावर पोट भरत नाही, इथे भुट्टेका कीस, तिथे गराडू, पुढे दहीवडा असं करत करत पुढे सरकतो, अगदी तोच हिशोब आहे, त्यामुळे इंदूरच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही, फक्त नियम समजून घ्यावे लागतात.

नियम असे. ड्रिंक म्हणजे दारूच असं अजिबात नाही, हे घरच्यांनाही वाचून दाखवा. कोक, लिंबाचं सोडावालं ड्रिंक, अल्कोहोल नसलेली बिअर, किंवा मोस्तो म्हणजे द्राक्षाचा गोड रस, यातलं काहीही घेतलंत तरी तापा येतोच. कॉफीवर येत नाही, आणि नुसतं पाणी मागितलं तर बहुतेक ठिकाणी येत नाही. मोस्तो माझा आवडता, छोट्या ग्लासात बर्फ आणि संत्र्याची चकती घालून देतात, हातात धरला की कुणी विचारत नाही तू पीत का नाहीस. खरं तर तिथे तसंही कुणी आग्रह करत नाही, दारू पिऊन तोल जाणं हे तिथल्या लोकांना बरं दिसत नाही, ते हळूहळू पितात आणि खात पितात. ज्यांना प्यायची आहे त्यांनी कान्या म्हणजे छोटी बिअर किंवा तिन्तो दे वेरानो घ्यावं, रेड वाईन आणि सोडा, हलकं असतं. बिअर गावातलीच, आल्हाम्ब्रा नावाची, १९२५ पासूनची. काहीही घ्या पण छोटं घ्या, कारण तुम्हाला चार बार करायचे आहेत आणि प्रत्येक छोट्या ग्लासाबरोबर वेगळी प्लेट येणार आहे.

तापा कोणता येणार हे बऱ्याच ठिकाणी बारमन ठरवतो, पहिल्या राउंडला एक, दुसऱ्याला दुसरा, आणि दुसरा बहुतेक वेळा पहिल्यापेक्षा चांगला असतो, त्यामुळे बार आवडला तर दोन राउंड थांबा, नाही आवडला तर एकावर निघा. काही ठिकाणी लिस्ट असते, त्यातून आपण निवडायचं. बारपाशी उभं राहणं सगळ्यात चांगलं, बाहेरच्या टेबलांवर कधीकधी भाव जास्त असतो आणि वेटरची वाट बघण्यात वेळ जातो. बारमनचं लक्ष वेधायला हात हलवत ओरडू नका, नजर भिडली की मान हलवा, तो पाच जणांच्या ऑर्डरी डोक्यात धरून असतो आणि तुमचा नंबर त्याच्या लक्षात असतो. आणि पैशाचं, हे फार महत्त्वाचं, ते लोक प्रत्येकी आपापलं बिल करत नाहीत, बोते करतात, म्हणजे सुरुवातीलाच प्रत्येकाने दहा युरो काढून एकाच्या हातात द्यायचे आणि रात्रभर त्यातूनच सगळं. तुम्ही मोस्तो घेतला आणि त्याने बिअर घेतली तर तीस सेंटचा फरक मोजत बसू नका. हिशोबाचं अॅप उघडून बसणाऱ्याला पुढच्या वेळी बोलावत नाहीत.

कुठे जायचं, तर काये नावास ही टाऊन हॉलच्या चौकातून निघणारी अख्खी गल्ली बारची आहे, पण टुरिस्ट जास्त, नातेवाईक आले की त्यांना तिथे न्या. प्लासा नुएवाच्या आसपास बोदेगास कास्तान्येदा आहे, जुनी लाकडी पिंपं, छताला टांगलेली डुकराची तंगडी, खचाखच गर्दी, शाकाहारी माणसाने एकदा वातावरण बघायला जावं. मासे खाणाऱ्यांनी लोस दियामान्तेसला जायचं, तळलेल्या मासळीसाठी सगळं गाव तिथे रांग लावतं. काये एल्विरावर विद्यार्थी जास्त आणि भाव कमी. माझ्या मते सगळ्यात छान म्हणजे रेआलेहो भागातला काम्पो देल प्रिन्सिपे, मोठा चौक, चहूबाजूंनी बार, मध्ये लहान मुलं रात्री अकरापर्यंत फुटबॉल खेळतायत, आजीआजोबा बाकावर बसलेत, आणि तुम्ही मोस्तो घेऊन उभे आहात. रात्रीचं बाहेर असणं म्हणजे बिघडणं नाही हे घरी समजावून सांगायचं असेल तर तिथूनच व्हिडिओ कॉल करा, माझ्या आईची काळजी त्या चौकातल्या आज्या बघूनच मिटली. आणि पेद्रो आन्तोनिओ दे आलार्कोन हा लांबलचक रस्ता म्हणजे विद्यार्थ्यांचा अड्डा, स्वस्त बार, मोठ्या प्लेटा, बर्गर-पास्ता असले तापास, गुरुवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. त्या रस्त्यावर रूम मात्र घेऊ नका, भाडं कितीही चांगलं असलं तरी, रात्री तीनपर्यंत खिडकीखाली गाणी चालू असतात आणि परीक्षेच्या दिवसांतही थांबत नाहीत.

शाकाहाऱ्यांसाठी आता जरा थांबून लिहिते, कारण इथेच आपली मुलं हिरमुसतात. कार्ने नको म्हणालात, म्हणजे मांस नको, तर समोरचा माणूस अगदी प्रामाणिकपणे हॅम घातलेली भाजी आणून देतो, किंवा ट्यूनाचं सॅलड, कारण त्याच्या मनात कार्ने म्हणजे मटणाचा तुकडा, हॅमचे बारीक तुकडे त्याच्या हिशोबात चवीला घातलेले असतात. म्हणून पूर्ण वाक्य पाठ करा, सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो, सिन आतून, म्हणजे मांस, हॅम, मासे, ट्यूना काहीही नको, अंडं चालत नसेल तर सिन उएवो जोडा. हे ड्रिंक मागतानाच सांगायचं, प्लेट आल्यावर नाही, आधी सांगितलं तर ते आनंदाने दुसरं काही देतात, चीज, ऑलिव्ह, बटाटे, टोमॅटो लावलेला पाव. साल्मोरेहो हे टोमॅटोचं गार दाट सूप मस्त लागतं पण वर हॅम आणि अंडं भुरभुरलेलं असतं, ते घालू नका म्हणून सांगायचं. तोर्तिया म्हणजे तिकडे बटाट्याचं ऑम्लेट, त्यात अंडं असतंच. एन्सालादिया रूसा नावाचं बटाट्याचं सॅलड पांढरं आणि निरागस दिसतं, त्यात बहुतेक वेळा ट्यूना असतो.

आणि जे हमखास खायचंच ते म्हणजे बेरेन्हेनास कोन मिएल दे कान्या. वांग्याच्या पातळ चकत्या किंवा लांब काप, पिठात घोळवून कुरकुरीत तळलेले, आणि वरून काळीभोर काकवी. हो, आपली काकवीच, उसाची, ग्रानाडाच्या किनाऱ्यावर मोत्रिल-सालोब्रेन्याकडे शतकानुशतकं ऊस होता, शेवटचा हंगाम २००६ साली झाला. प्लेट आली की लगेच खायची, दोन मिनिटं बोलत बसलात तर काकवी मुरून काप मऊ पडतात, मिठाची खारट चव आधी लागते, मग गोड, आणि आतलं वांगं अगदी लोण्यासारखं नाही पण तोंडात विरघळेल इतकं मऊ. ज्यांना वेगळ्या तेलातलंच हवं त्यांनी विचारून घ्या, कारण छोट्या बारमध्ये मासे आणि वांगी एकाच कढईत तळतात. पालक-छोले घातलेली एक भाजीही मिळते, जिरं घातलेली, पावाबरोबर खाल्ली की घरची आठवण येते.

बार नको वाटतात त्या दिवशी काल्देरेरिया नुएवा या चढणीच्या गल्लीत जा, तिथे ओळीने तेतेरिया आहेत, मोरोक्कन पद्धतीची चहाची दुकानं, खाली गाद्या, पितळी तबकं, पुदिन्याचा गोड चहा, बदामाची मिठाई. दोन-तीन तास बसलात तरी कुणी उठवत नाही. ग्रुपमधले न पिणारे, मुस्लिम मित्रमैत्रिणी, आपण, सगळ्यांची सोय एकत्र होते, मोरोक्कोची बरीच मुलं या युनिव्हर्सिटीत शिकतात. फलाफल, हमस तिथेच आसपास मिळतं.

सूर्यास्ताला मिरादोर दे सान निकोलास या उंचावरच्या चौकात जायचं, समोर आख्खा अल्हम्ब्रा, म्हणजे मुस्लिम राजांचा जुना किल्ला-महाल, मागे सिएरा नेवादा डोंगरांचा बर्फ, कठड्यावर पाय सोडून बसलेली गर्दी आणि कुणीतरी गिटार वाजवतंय. फोटो सगळ्यांनी बघितलेला असतो तरी जा. बॅग मात्र पाठीवर नाही, पोटावर, कारण सगळे समोर बघत असतात आणि खिसेकापूंना तेच हवं असतं. गर्दी नको असेल तर आणखी वर सान मिगेल आल्तोला चढा, तिथे स्थानिक मुलं असतात, उतरताना मात्र अंधाऱ्या पायऱ्यांवरून एकटं येऊ नका, ग्रुपबरोबरच उतरा. आल्बाइसिन या टेकडीवरच्या जुन्या वस्तीच्या सगळ्या गल्ल्या गोट्यांच्या दगडांच्या आहेत, हिल्स घालून गेलात तर रडाल, प्लासा नुएवाहून छोट्या मिनीबस वर जातात त्या वापरा. कॅथेड्रलच्या आसपास काही बायका रोझमेरीची काडी हातात कोंबतात आणि मग हात बघून पैसे मागतात, हसून नको म्हणा आणि चालत राहा, काडी घेऊच नका.

फ्लामेन्को बघायचा तर साक्रोमोन्तेच्या गुहांमधले शो प्रसिद्ध आहेत, तिथल्या जिप्सी घराण्यांची ही परंपरा, चुना लावलेल्या गुहेत दोन्ही बाजूंना खुर्च्या आणि मधे जेमतेम चार पावलं जागा, नाचणारीच्या टाचेचा हादरा तुमच्या खुर्चीला लागतो. तिकीट विद्यार्थ्याला महाग वाटेल, पण एकदा पैसे साठवून जाच. दुसरा रस्ता म्हणजे पेन्या, म्हणजे फ्लामेन्को रसिकांचे क्लब, आल्बाइसिनमधली पेन्या ला प्लातेरिआ १९४९ पासूनची आहे आणि तिथे काही कार्यक्रमांना बाहेरच्यांनाही प्रवेश असतो. तिथे बसायची पद्धत पाळा, गाणं सुरू असताना बोलायचं नाही, मोबाईल वर धरायचा नाही, आणि टाळ्या तर अजिबात धरायच्या नाहीत, त्या टाळ्या हेच एक वाद्य आहे आणि त्याची लय पक्की बांधलेली असते, बरेचदा बाराच्या आवर्तनात, आपण मधेच वाजवली की गाणाऱ्याचं लक्ष उडतं. ज्यांचे कान लहानपणापासून ताल धरायला शिकलेत त्यांना ते बाराचं आवर्तन हळूहळू सापडायला लागतं, आणि सापडलं की काय आनंद होतो सांगू.

डिस्को. ग्रानाडा दिएस नावाचा आहे, जुन्या सिनेमा थिएटरमध्ये, आत झुंबरं वगैरे अजून तशीच. मे वेस्ट मोठा, एक्सचेंजच्या पार्ट्या बऱ्याच तिथे होतात. कांबोरिओ साक्रोमोन्तेच्या रस्त्यावर आहे, त्याच्या गच्चीवरून अल्हम्ब्रा दिसतो. लाइव्ह बँड ऐकायचे तर प्लान्ता बाहा, मला विचाराल तर डिस्कोच्या तिकिटापेक्षा तिथल्या एखाद्या छोट्या बँडच्या तिकिटाचे पैसे जास्त वसूल होतात. एंट्री साधारण दहा-बारा युरो, त्यात बहुतेक एक ड्रिंक धरलेलं असतं, आणि विद्यार्थी संघटनांच्या लिस्टवर नाव टाकलं किंवा दीडच्या आत पोचलात तर कमी होते. मुलांनो, ट्रॅकपँट, शॉर्ट्स, चपला घालून गेलात तर दारातून परत पाठवतात. वय दाखवायला ओळखपत्र लागतं, ओरिजिनल पासपोर्ट नाचायला घेऊन जाऊ नका, रेसिडन्स कार्ड मिळालं तर ते ठेवा, नाहीतर पासपोर्टची कॉपी आणि फोनमध्ये फोटो. आत सिगरेट चालत नाही, २०११ पासून बंद आहे, त्यामुळे कपड्यांना वास येत नाही. पंधरा दिवसांतून एकदा गेलात तरी पुरे, दर गुरुवारी जाणाऱ्यांची जानेवारीत काय अवस्था होते ते मी जवळून बघितलंय.

बोतेयोन हा शब्द तुमच्या कानावर पहिल्याच आठवड्यात पडेल, म्हणजे दुकानातून बाटल्या आणून रस्त्यावर, बागेत घोळक्याने पिणं. ग्रानाडात पूर्वी त्यासाठी चक्क वेगळी जागा होती, बोतेयोद्रोमो, ती २०१६ साली बंद झाली. आंदालुसियात, म्हणजे ग्रानाडा ज्या राज्यात येतं तिथे, २००६ च्या कायद्याने रस्त्यावर असं पिण्यावर बंदी आहे आणि पोलीस दंड करतात, शिवाय रात्री दहानंतर दुकानांतून दारू विकत नाहीत. आजही लोक करतात, तुम्हालाही बोलावतील, तुम्ही त्यातले होऊ नका, त्यांच्याकडे युरोपचा पासपोर्ट आहे, तुमच्याकडे स्टुडंट व्हिसा आहे. चरसाचंही तेच. गल्लीबोळात वास येत राहतो, लोकांना वाटतं इथे चालतं, पण सार्वजनिक ठिकाणी जवळ सापडलं तरी दंड ६०१ युरोपासून सुरू होतो. ते तर अजिबातच नको. घरी पार्टी करताना साडेअकरा-बारानंतर आवाज खाली आणा, भिंती पातळ असतात आणि शेजारची आजी पोलिसांना फोन करते, ती बरोबरच करते.

मुलींसाठी. रात्री दोनलाही रस्त्यावर माणसं असतात, एकटी मुलगी चालत घरी जाताना दिसणं तिथे साधी गोष्ट आहे, आणि गाव इतकं छोटं की बहुतेक ठिकाणांहून घर वीस-पंचवीस मिनिटांच्या चालीवर असतं. तरी पहिले काही आठवडे कुणाबरोबर तरीच परत या, लाइव्ह लोकेशन रूममेटला पाठवा, ग्लास टेबलवर सोडून नाचायला जाऊ नका, आणलेलं ड्रिंक तुमच्यासमोर ओतलेलं असू द्या. जत्रांमध्ये आणि मोठ्या पार्ट्यांमध्ये पुन्तो व्हिओलेता नावाचे जांभळे स्टॉल असतात, कुणी त्रास दिला तर सरळ तिथे जायचं. इमर्जन्सी नंबर ११२. ओळख झाली की दोन्ही गालांना गाल लावून भेटतात, त्यात वावगं काही नाही, नको असेल तर हात पुढे करा, कुणी वाईट वाटून घेत नाही. आणि नाही म्हणायचं असेल तेव्हा स्पष्ट, चेहरा गंभीर ठेवून नाही म्हणा, आपल्याकडचं अर्धवट हसत टाळणं तिकडे होकार समजलं जाण्याचा धोका असतो. मुलांनी हेच उलट बाजूने लक्षात ठेवा, ती हसून बोलली म्हणजे काही झालं नाही, ती नाही म्हणाली की विषय संपला, तिथला कायदा याबाबतीत २०२२ पासून अगदी कडक आहे, आणि कायदा नसता तरी आपलं वागणं तेच असायला हवं.

भाषेचं. इन्तेरकाम्बिओ नावाचे कार्यक्रम बारमध्येच होतात, अर्धा वेळ इंग्रजी अर्धा वेळ स्पॅनिश, फुकट, फक्त तुमचं ड्रिंक घ्यायचं, आठवड्यातून एक संध्याकाळ त्यासाठी राखून ठेवाच. ग्रानाडाचे लोक शब्दाच्या शेवटचे स गिळतात, भराभर बोलतात, पहिले तीन आठवडे काही म्हणजे काही कळत नाही, घाबरू नका, बारच्या गोंगाटात ऐकायची सवय झाली की वर्गातलं फार सोपं वाटतं. आणि कृपा करून सगळे भारतीय एकाच फ्लॅटमध्ये राहू नका. सणावाराला जमा, गणपतीला मोदक करा, त्या स्पॅनिश रूममेटलाही बोलवा, पण रोजच्या संध्याकाळी वेगळ्या लोकांबरोबर घालवा.

रात्रीचा शेवट चुरोस, म्हणजे तळलेल्या पिठाच्या कांड्या, आणि घट्ट चॉकलेटने होतो, बिब-राम्ब्लाच्या चौकात सकाळी लवकर उघडणारे कॅफे आहेत. डिस्कोतून निघालेले आणि ऑफिसला निघालेले एकाच काउंटरवर उभे असतात. गोड आवडत असेल तर पिओनोनो खा, शेजारच्या सान्ता फे गावचा, पाकात भिजवलेल्या केकची छोटी गुंडाळी आणि वर जळकं क्रीम, एका घासात संपतो. आणि घरी फोन करायची वेळ हीच, हिवाळ्यात इंदूर साडेचार तास पुढे असतं, पहाटे चारला तुम्ही रूमवर पोचता तेव्हा आपल्याकडे साडेआठ झालेले असतात, पोहे खाऊन सगळे निवांत. किती वाजले तिकडे, असं आई विचारणारच, तेव्हा खरं काय ते सांगा, रोज खरं सांगितलं की काळजी कमी होते.

दिवसाचं थोडक्यात. अल्हम्ब्राचं तिकीट पोचल्या पोचल्या काढून ठेवा, ते नावावर असतं, पासपोर्ट लागतो, नासरिद महालाची वेळ ठरलेली असते आणि ती चुकली तर आत सोडत नाहीत. रात्रीच्या दर्शनाचं वेगळं तिकीट असतं, दिवसा एकदा जाऊन आलात तरी रात्रीचं करा, गर्दी कमी आणि नक्षीवर खालून प्रकाश. रविवारी दुकानं बंद, तेव्हा बसने मोनाचिलला जायचं आणि लोस काओर्रोसच्या दरीत झुलत्या पुलांवरून चालायचं, डबा बरोबर न्यायचा. हिवाळ्यात सिएरा नेवादाला स्की, बस तासाभरात वर पोचवते, भाड्याने सगळं मिळतं, स्की जमली नाही तर नुसतं बर्फात बसायलाही जा. मे महिन्यात तासा-सव्वा तासात समुद्र, सालोब्रेन्या किंवा आल्मुन्येकार. संध्याकाळी वेळ असेल तर गार्सिया लोर्काचं उन्हाळी घर आणि त्याभोवतीची गुलाबांची बाग, कवी इथलाच, १९३६ च्या ऑगस्टमध्ये यादवी सुरू होताच त्याला मारलं, गावात त्याचं नाव अजूनही हळव्या आवाजात घेतात.

कॅलेंडर बघून मोठ्या रात्री ठरवा. ऑक्टोबर-नोव्हेंबर भरपूर फिरा, नोव्हेंबरात जॅझ फेस्टिव्हल असतो. डिसेंबर-जानेवारीत कडाक्याची थंडी, गाव सातशे मीटरच्या आसपास उंचावर आहे, रात्री पारा शून्याला टेकतो, आणि जुन्या घरांत हीटिंग नीट नसतं, जाड जॅकेट इथूनच न्या. जानेवारीत परीक्षा, तेव्हा बार रिकामे आणि लायब्ऱ्या रात्रभर भरलेल्या. वसंतात सेमाना सान्ता, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यातल्या, मिरवणुका, मग ३ मे ला दिया दे ला क्रूस, चौकाचौकात फुलांचे क्रॉस, ठिपक्यांचे झगे, दिवसाढवळ्या नाच. आणि सगळ्यात शेवटी कॉर्पस या ख्रिस्ती सणाची जत्रा, आठवडाभर, हजारो दिव्यांची कमान आणि तंबू, सेव्हिलच्या जत्रेत बरेच तंबू खासगी असतात, इथे बहुतेक सगळ्यांत कुणीही जाऊ शकतं. ती ईस्टरनंतर साठ दिवसांनी येते म्हणून तारीख दरवर्षी बदलते, कधी मे अखेर तर कधी जून अखेर. परतीचं तिकीट स्वस्त दिसलं म्हणून घाईने काढू नका, त्या वर्षीची कॉर्पसची तारीख आधी बघा आणि त्यानंतरचंच काढा.